टीव्हीवरचा उसासा आणि मतपेटीतलं मत

प्रश्न : सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला होतो. कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची डिबेट घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहिली. गणपतीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी एका मराठी कुटुंबाकडे दर्शनाला गेलो, तर तिथे आरतीनंतर हाच विषय. ती हनुवटीला हात लावून कशी बघत होती, तो तिच्याकडे मान वळवून बघायलाही तयार नव्हता, याचीच चर्चा. कोण काय म्हणालं याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मतदार खरंच हावभाव बघून मत देतात का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : हावभाव लोक बघतात, लक्षात ठेवतात आणि डिबेट कोणी जिंकली हे बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरवतात. पण डिबेट कोणी जिंकली आणि मत कोणाला द्यायचं, हे मतदाराच्या मनातले दोन वेगळे निवाडे आहेत. तुम्ही पाहिलेल्या डिबेटचंच बघा. ती संपल्यावर सीएनएनने प्रेक्षकांचा कौल घेतला, तेव्हा ६३ टक्क्यांनी हॅरिस आणि ३७ टक्क्यांनी ट्रम्प सरस ठरल्याचं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये निवडून आले ट्रम्प. २०१२ मध्ये डेन्व्हरच्या डिबेटमध्ये बराक ओबामा खाली मान घालून टिपणं काढत राहिले. गॅलपच्या पाहणीत ७२ टक्के प्रेक्षकांनी मिट रॉम्नी यांना विजयी ठरवलं, ओबामांच्या बाजूने फक्त २० टक्के होते. महिनाभरात ओबामाच पुन्हा अध्यक्ष झाले.

मग चेहऱ्यावर निवडणूक फिरते हा समज आला कुठून? तो आला २६ सप्टेंबर १९६० च्या रात्रीतून. शिकागोच्या स्टुडिओत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर आले. निक्सन यांच्या गुडघ्याला ऑगस्टमध्ये गाडीच्या दाराचा मार लागला होता, जखम चिघळली आणि ते जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात होते. वजन उतरलं होतं, शर्टाची कॉलर सैल झाली होती. रीतसर मेकअप त्यांनी नाकारला, दाढीचे खुंट झाकायला नुसती पावडर लावली. दिव्यांच्या उष्णतेने तिच्यातून घाम डोकावू लागला. करडा सूट मागच्या करड्या पडद्यात मिसळून गेला. शेजारी गडद सुटातले, उन्हाने रापलेले, थेट कॅमेऱ्यात बघून बोलणारे केनेडी. ‘रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी’ ही गोष्ट तेव्हापासून जगभर सांगितली जाते.

या गोष्टीचा पाया मात्र कच्चा आहे. ती मुख्यतः सिंडलिंगर या कंपनीच्या एका पाहणीवर उभी आहे आणि त्या पाहणीत रेडिओ ऐकणारे तीनशेहूनही कमी होते. शिवाय १९६० मध्ये ज्यांच्या घरी टीव्ही पोचला नव्हता ते बरेचसे खेड्यापाड्यांतले लोक, म्हणजे मुळातच निक्सन यांच्याकडे कल असण्याची शक्यता जास्त. त्यांनी आवाज ऐकून निवाडा दिला की आधीचीच निष्ठा बोलून दाखवली, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

तरीही चित्राचा परिणाम होतोच. जेम्स ड्रकमन या राज्यशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १७१ जणांना तीच जुनी डिबेट दिली. काहींना फक्त आवाज, काहींना चित्रासह. चित्र पाहणाऱ्यांमध्ये केनेडी सरस म्हणणारे जास्त निघाले. त्यांनी उमेदवाराचा स्वभाव कसा वाटला याला अधिक वजन दिलं होतं. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ती फारशी सांगितली जात नाही : चित्र पाहणाऱ्यांना डिबेटमधली माहितीही अधिक कळली होती. म्हणजे चेहरा बघणारा माणूस मुद्दा ऐकत नाही, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. एखाद्या हावभावाचा अर्थ कोण ठरवतं? आपल्याला वाटतं आपण स्वतः. पुष्कळदा तो नंतर ठरतो आणि दुसरेच ठरवतात.

३ ऑक्टोबर २०००, बॉस्टन. उपाध्यक्ष अल गोर आणि टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांची पहिली डिबेट. बुश बोलत असताना गोर यांचा माइक चालूच होता. बुश यांचं एखादं विधान पटलं नाही की गोर मोठ्याने उसासा टाकत, मान हलवत, डोळे फिरवत. डिबेट संपल्यासंपल्या घेतलेल्या पाहण्यांत गोर थोड्या फरकाने पुढे होते. म्हणजे दीड तास सगळं सलग पाहणाऱ्यांना त्या उसाशांसह गोर चालले होते. पुढच्या दिवसांत वाहिन्यांनी ते उसासे कापून, एकापाठोपाठ एक जोडून दाखवले. दीड तासात विखुरलेले उसासे काही सेकंदांत सलग ऐकल्यावर माणूस अहंमन्य वाटणार नाही तर काय? त्या शनिवारी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी टीव्ही कार्यक्रमाने त्यांची नक्कल केली आणि ती गोर यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना बघायला लावली. दुसऱ्या डिबेटमध्ये गोर इतके मवाळ झाले की ओळखू येईनात. तिसऱ्या डिबेटमध्ये ते चालत थेट बुश यांच्या अंगाशी जाऊन उभे राहिले, बुश यांनी नुसती मान डोलावली आणि सभागृह हसलं. तीन डिबेटमध्ये तीन गोर दिसले. उसाशांपेक्षा मला यातच त्यांचं नुकसान जास्त दिसतं. हा माणूस नक्की कसा आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला.

हसण्याचा विषय निघालाच आहे, तर तेही बघू. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचे होते. पहिल्या डिबेटमध्ये ते चाचपडले आणि वयाची चर्चा सुरू झाली. दुसऱ्या डिबेटमध्ये वयाबद्दल विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले की, प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव यांचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. सभागृहात हशा पिकला. प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेल ५६ वर्षांचे, तेही मनापासून हसले. स्टीव्हन फाइन आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी पुढे या चित्रफितीवर प्रयोग केला. काही प्रेक्षकांना जशीच्या तशी डिबेट दाखवली. काहींना रेगन यांचे विनोद ठेवून फक्त सभागृहातला हशा आणि टाळ्या काढून टाकलेली. शब्द तेच, चेहरा तोच, पण हशा नाही म्हटल्यावर रेगन यांची कामगिरी प्रेक्षकांना बरीच फिकी वाटली. उमेदवाराकडे बघताना आपण शेजाऱ्याकडेही बघत असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक अध्यक्षीय डिबेटमध्ये प्रेक्षकांना शांत राहण्याची ताकीद असते आणि २०२४ च्या दोन्ही अध्यक्षीय डिबेटमध्ये तर सभागृहात प्रेक्षकच नव्हते.

या सगळ्याचा मतांवर किती परिणाम होतो? कारोलिन ल पेनेक आणि व्हॅन्साँ पाँस या अर्थतज्ज्ञांनी १० देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट तपासल्या. निवडणुकीपूर्वी लोकांनी कोणाला मत देणार म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात कोणाला दिलं, याचा दिवसागणिक मेळ त्यांनी घातला. डिबेटच्या आधी आणि नंतर त्यात दखल घ्यावी असा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. ब्रिटनमध्ये २०१० साली हेच डोळ्यांदेखत घडलं. पहिल्या डिबेटमध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग कॅमेऱ्यात बघून, प्रश्न विचारणाऱ्याचं नाव घेऊन, मोकळेपणाने बोलले. रातोरात त्यांची लाट आली, जनमत पाहण्यांत पक्ष ३० टक्क्यांच्या आसपास गेला. मतमोजणीत निघाले २३ टक्के आणि जागा ६२ वरून ५७ वर आल्या. माझ्या मते तीन आठवड्यांत लोकांचं कौतुक ओसरलं नव्हतं. फक्त मत देताना त्यांनी दुसरा हिशोब केला.

मात्र एका परिस्थितीत हावभाव खरोखर भोवतात. मतदाराच्या मनात आधीच एखादी शंका असते आणि उमेदवाराचं वागणं तिच्यावर शिक्का मारतं, तेव्हा. १९९२ मध्ये मंदीने लोक हैराण होते आणि अध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांना सामान्यांच्या अडचणींची जाण नाही, अशी तक्रार होती. रिचमंडच्या सभागृहात एक तरुणी विचारत होती की या आर्थिक स्थितीची तुम्हाला स्वतःला काय झळ लागली. नेमकं तेव्हाच बुश यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. नंतर बिल क्लिंटन तिच्याजवळ चालत गेले आणि तुला काय झळ लागली, असं त्यांनी तिलाच विचारलं. एरवी घड्याळ कोण बघत नाही? पण त्या शंकेला तेवढाच पुरावा हवा होता. २७ जून २०२४ ला अटलांटामध्ये ८१ वर्षांचे जो बायडन बसलेल्या आवाजात बोलले, वाक्यं मध्येच तुटली, ट्रम्प बोलत असताना ते तोंड उघडं ठेवून बघत राहिले. वयाची शंका कित्येक महिन्यांपासून होती. त्या रात्रीनंतर त्यांच्याच पक्षाला ती झाकता येईना आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली.

शंका नसेल तर तोच हावभाव पक्षानुसार वाचला जातो. २०१२ मध्ये जो बायडन उपाध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये प्रतिस्पर्धी पॉल रायन बोलत असताना सारखे हसत होते. डेमोक्रॅट समर्थकांना ते लढाऊ वाटले, रिपब्लिकनांना उद्धट. तुमच्या न्यू जर्सीच्या मंडळींचंही तेच झालं असणार. हॅरिस यांचा हनुवटीवरचा हात एकाला आत्मविश्वास वाटला असेल आणि शेजारच्याला नाटकीपणा.

प्रश्न : मग आपल्याकडे अशा डिबेट नाहीत हे बरंच म्हणायचं का?
(एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : नाही. मे २०२४ मध्ये न्या. मदन लोकूर, न्या. अजित प्रकाश शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं आमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी ते स्वीकारलं, पण चर्चा झाली नाही. मला ते मतदाराचं नुकसान वाटतं. सभेत टाळ्या वाजवायला आपलीच माणसं असतात आणि भाषण मध्येच अडवून विचारणारं कुणी नसतं. समोर विरोधक, वर घड्याळ आणि मध्ये तटस्थ प्रश्नकर्ता असताना माणूस चिडतो का, ऐकून घेतो का, नको असलेला प्रश्न टाळतो का, हे समजणं मतदाराचा हक्क आहे. सत्तेतही त्याला हेच करावं लागणार असतं. त्या अर्थाने वागणं हाही एक मुद्दाच आहे.

एवढंच करा. कुठलीही डिबेट बघायची असेल तर सलग बघा, तुकड्यांत नको. ती संपली की लगेच टीव्ही बंद करा आणि विश्लेषक बोलायला लागायच्या आत आपला निवाडा कागदावर लिहा. ज्या हावभावाचा राग आला, तोच आपल्या आवडत्या उमेदवाराने केला असता तर आला असता का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर तो हावभाव बाजूला ठेवा आणि त्या वेळी तो माणूस काय म्हणत होता ते आठवून बघा. ते आठवत नसेल, तर मत देण्याआधी डिबेट पुन्हा एकदा ऐका.