वायद्याची तारीख एकट्याच्या डोक्यात ठेवू नका

व्यापारात उधारी आहे, आणि उधारी आली की वायदा आला. तारीख चुकली की माल कितीही चांगला असो, साख जाते. आम्ही तीस वर्षे कापडाच्या धंद्यात आहोत. वायदे खिशातल्या डायरीत लिहीत आलो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, म्हणून डायरीही उर्दूतच असे.

तीन वर्षांपूर्वी छातीत दुखू लागल्याने आम्हाला अचानक दवाखान्यात दाखल व्हावे लागले. त्याच आठवड्यात गुरुवारी एका मागवाल्याला रक्कम देण्याचे आम्ही तोंडी कबूल केले होते. शुक्रवारी माग बंद असतात, त्यामुळे कारागिरांची मजुरी गुरुवारीच वाटली जाते. तो दुकानावर आला. मुनीमजींना काहीच ठाऊक नव्हते. डायरी त्यांच्या हाती लागली, पण त्यांना उर्दू वाचता येत नाही. मुलगा आमच्याजवळ दवाखान्यात होता. बिचाऱ्याने दुसरीकडून हातउसने घेऊन निम्मी मजुरी वाटली. पैसा बँकेत होता, देण्याची नियतही होती, पण तारीख फक्त आम्हालाच माहीत होती. त्या जुम्याला किती घरांत तंगी झाली असेल, हा विचार आजही टोचतो.

सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे. मुदतीची देणीघेणी लिहून ठेवण्याची आणि त्यावर साक्षीदार ठेवण्याची ताकीद तिच्यात आहे. मोबाईलमधील कॅलेंडर हे त्या दस्तऐवजाची जागा घेऊ शकत नाही. मात्र लिहिलेली तारीख योग्य माणसाला योग्य वेळी दिसावी, एवढे काम ते उत्तम करते. आम्ही गुगल कॅलेंडर वापरतो. गुगलचे खाते असलेल्या कोणालाही ते मोफत मिळते.

आधी कॅलेंडर वेगळे करा

सर्व नोंदी एकाच ठिकाणी कोंबू नयेत. आम्ही ‘दुकान’ आणि ‘घर’ अशी दोन स्वतंत्र कॅलेंडरे केली. पत्नीची डॉक्टरची तारीख गुमास्त्याला दिसण्याचे कारण नाही, तसेच कोणाचे किती देणे आहे हे नातलगांना कळण्याचे कारण नाही. घरातील कोणाची नोंद करण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी.

वाटणीची पद्धत

हे काम संगणकावर करणे सोपे जाते.

१) कॅलेंडर उघडून डाव्या बाजूला ‘अदर कॅलेंडर्स’जवळील अधिक चिन्ह दाबा. ‘क्रिएट न्यू कॅलेंडर’ निवडून नाव द्या.

२) तयार झालेल्या कॅलेंडरच्या नावाशेजारील तीन ठिपके दाबून ‘सेटिंग्ज अँड शेअरिंग’मध्ये जा.

३) तेथे ज्या व्यक्तीला दाखवायचे तिचा ई-मेल पत्ता घाला आणि तिचा अधिकार ठरवा.

४) त्या व्यक्तीला ई-मेल जातो. त्यातील दुवा दाबल्यावर कॅलेंडर तिच्या यादीत येते.

सर्व जगाला दाखवण्याचाही एक पर्याय तेथे आहे. त्याला हात लावू नये.

अधिकाराचे चार दर्जे

पहिल्या दर्जात आपण मोकळे आहोत की कामात, एवढेच दिसते. दलाल किंवा नेहमीचा ग्राहक यांच्यासाठी तो पुरेसा आहे. दुसऱ्यात नोंदींचा तपशील दिसतो, पण बदल करता येत नाही. गुमास्ते आणि हिशेबनीस यांना हा द्यावा. तिसऱ्यात नोंदी बदलता येतात. तो मुनीमजी आणि भागीदारासाठी आहे. चौथ्यात पुढे आणखी कोणाला दाखवायचे हेही ठरवता येते. तो आम्ही फक्त मुलाला दिला आहे. एखादी नोंद ‘प्रायव्हेट’ केली, तरी तिसऱ्या व चौथ्या दर्जाच्या माणसाला ती दिसते, हे ध्यानात ठेवावे.

एकाच भेटीपुरते कोणाला कळवायचे असेल, तर पूर्ण कॅलेंडर देऊ नका. त्या नोंदीतच त्यांना पाहुणे म्हणून जोडा.

घंटा ज्याची त्याने लावावी

येथे आमची फसगत झाली होती. आपण लावलेली आठवण आपल्याच फोनवर वाजते. इतरांना नोंद दिसते, पण घंटा त्यांनी स्वतः लावावी लागते. आम्ही मुनीमजींच्या फोनवर वायद्याच्या दोन दिवस आधीची आठवण लावून दिली आहे.

काय लिहावे

नोंद अशी असावी की आपण हजर नसलो तरी काम व्हावे. कोणाला, कशापोटी, बिल क्रमांक किती आणि रक्कम कोणत्या खात्यातून द्यायची, हे लिहा. सर्वांना वाचता येईल अशी एकच लिपी ठरवा. आमच्या दुकानात आता नोंदी मराठीत होतात. बँकेचा पिन किंवा पासवर्ड मात्र कधीही लिहू नये.

ठरलेल्या तारखा एकदाच भरून दरमहा पुन्हा येतील अशा ठेवाव्यात. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३-बी ची २० तारीख. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचा माल घेतला, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असूनही ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास व्याज लागते, म्हणून माल स्वीकारला त्याच दिवशी शेवटची तारीख नोंदवावी.

हिजरी तारखांबाबत

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. आपल्याकडे ईदुल फित्र २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. ईदच्या मालाची ऑर्डर मागच्या वर्षीच्या तारखेवर बेतली, तर माल उशिरा उतरतो. कॅलेंडरमध्ये हिजरी तारीखही दाखवता येते, पण ती गणिताची असते. आपली तारीख चंद्रदर्शनावर ठरते. २०२५ मध्ये सौदी अरबस्तानात ईद ३० मार्चला झाली, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी. म्हणून सणाच्या नोंदीत एक दिवसाची सवड ठेवावी.

आखातात नातलग असलेल्यांना आणखी एक सोय आहे. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपण येथली वेळ लिहिली की त्यांच्या फोनवर ती तेथल्या वेळेप्रमाणे दिसते.

सावधगिरी

माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा अधिकार काढावा. चुकून नोंद पुसली गेली, तर ती सुमारे ३० दिवस कचरापेटीत राहते व परत आणता येते.

आम्ही दर गुरुवारी जोहरनंतर मुलगा व मुनीमजी यांच्यासह पुढच्या आठवड्याच्या नोंदी वाचतो. दहा मिनिटे लागतात. आपणही या आठवड्यात फक्त देण्याच्या तारखांपासून सुरुवात करावी. येण्याच्या तारखा मागाहून भरल्या तरी चालतील. त्यांची आठवण आपल्याला बहुधा आपोआप राहते.