दूरच्या शेडमधील अवजारांची हिफाजत : कमी खर्चाचे उपाय

सोलापुरात चादर व टॉवेलच्या धंद्यातील अनेक लहान कारखानदारांनी अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत शेड घेतली आहे. जागा ऐसपैस मिळते, पण रात्री कुलूप लावल्यानंतर तिथे आपले माणूस राहत नाही. माग कोणी उचलून नेत नाही. जातात ते पाने, ड्रिल, ग्राइंडर, मोटार आणि तांब्याची केबल, कारण हा माल भंगारात लगेच खपतो. चोराला त्यातून थोडेच पैसे मिळतात. आपले नुकसान मात्र मोठे असते. मोटार गेली की माग बंद आणि विणकर रिकामा. जॉबरचे पाने गेले की सगळीच शेड अडते.

काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत आमच्या दुरुस्ती शेडमधून दोन मोटारी आणि पान्यांची पेटी गेली. शटरचे कुलूप शाबूत होते. चावी जॉबरकडे असे. पंधरा वर्षांचा जुना माणूस, तरी आम्ही चार लोकांसमोर विचारले, "चावी तुमच्याकडेच होती ना?" त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि ते घरी गेले. तीन दिवसांनी छपराची गळती काढायला चढलेल्या मिस्त्रीने दाखवले की एका पत्र्याच्या हुकांच्या चाक्या खोललेल्या होत्या. चोर वरून उतरला होता. मोटारी परत मिळाल्या नाहीत, पण त्यापेक्षा त्या एका प्रश्नाची लाज आम्हाला जास्त वाटते. तेव्हापासून जे शिकलो ते बंधूंसमोर ठेवीत आहोत.

(१) आधी छप्पर पाहा. पत्रा ज्या जे-हुकने बसवतात त्याची चाकी बाहेरच्या बाजूला असते, म्हणजे एक पाना हाती असलेला माणूस ती खोलू शकतो. चाकी आवळून झाल्यावर तिच्या वर उरलेले आटे हातोडीने ठोकून मोडावेत. मग ती सहजी निघत नाही. सिमेंटचा पत्रा फोडताही येतो, म्हणून निदान अवजारांच्या खोलीवर आतून वेल्डिंगची जाळी टाकावी.

(२) कुलपापेक्षा कोयंडा महत्त्वाचा. आपण भारी कुलूप घेतो आणि ते चार स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्याला लावतो. चोर कुलपाला हात न लावता स्क्रू काढतो. बाहेरून गोल डोक्याचे बोल्ट आणि चाक्या आतून, असा कोयंडा बसवावा. शटरला दोन्ही बाजूंना कुलूप असावे.

(३) शेडच्या आत दुसरा अडसर ठेवावा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात अँगल व जाळीचा पिंजरा, किंवा जाड पत्र्याची पेटी करावी. पेटीचे बोल्ट आतून जमिनीच्या काँक्रीटमध्ये घ्यावेत. चोराला जितका जास्त वेळ आणि आवाज लागेल तितका तो बिचकतो.

(४) चोराला आपलीच अवजारे देऊ नका. शिडी, पहार, ग्राइंडर बाहेर पडलेले असतील तर त्यानेच पेटी कापली जाते. ही सर्व पिंजऱ्यात ठेवून जाताना मेन स्विच बंद करावा. कॅमेरा असेल तर त्याची लाइन वेगळी ठेवावी.

(५) प्रत्येक वस्तूवर खूण करावी. अक्षरांच्या पंचाने पान्यांवर व मोटारीच्या बॉडीवर आपली खूण ठोकावी. मोटारीच्या पट्टीवरील नंबर वहीत लिहून मोबाइलवर फोटो ठेवावा. खूण असलेला माल घ्यायला भंगारवालाही कचरतो आणि सापडल्यास आपला म्हणून ओळखता येतो.

(६) खर्च वाटून घ्यावा. एकट्याला रखवालदार परवडत नाही. शेजारच्या पाच-सहा शेडनी मिळून एक ठेवला तर भार हलका होतो. कॅमेरा लावल्यास रेकॉर्डिंगची पेटी दिसेल अशा जागी ठेवू नये. चोर ती आधी उचलतो.

(७) चावीची वही ठेवावी. चावी कोणी, केव्हा घेतली व परत केली याची सही असावी, मालकाचीसुद्धा. ही वही कामगारावर संशय म्हणून नव्हे, तर त्याच्या अब्रूच्या हिफाजतीसाठी आहे.

एक इशारा. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचे प्राण गेले. ज्या जागेत माणसे राहतात वा झोपतात, तिथे बाहेरून कुलूप लावू नये, खिडक्या पक्क्या जाळीने बुजवू नयेत. दुसरा दरवाजा आतून बिनचावीचा उघडला पाहिजे. माल गेला तर पुन्हा येतो.

चोरी झालीच तर काही न हलवता पोलिसांना कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हेगार ठरतो. विम्याबाबत ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. घेतल्यास अटी वाचाव्यात, कारण तोडफोडीची खूण नसेल तर चोरीचा दावा सहसा अडतो.

उंट बांधण्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तवक्कुल हवाच, पण दोरी बांधून झाल्यावर. आणि दोरी सैल राहिली असेल तर दोष आधी आपल्या हाताचा, शेजारी उभ्या माणसाचा नव्हे. आम्ही जॉबरच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी ती दिली, कामावरही आले. चावी मात्र त्यांनी आजतागायत घेतलेली नाही.