जुना ट्रॅक्टर घ्यायचा की भाड्याने लावायचा? आधी हिशोब, मग इसार



गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण म्हणून ‘जुना ट्रॅक्टर’ आता वरचेवर ऐकू येतं. कारण पटण्यासारखं आहे. पाऊस पडून वाफसा येतो आणि ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या शेतकऱ्याचं रान धरतो. आपल्या दोन-तीन एकरांचा नंबर लागेपर्यंत ओल उडून जाते. मग वाटतं, घरचाच ट्रॅक्टर असता तर!

पण ट्रॅक्टर दारात एकदाच येतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. म्हणून हा पाठ वही-पेन घेऊन, घरातल्या सगळ्यांसोबत बसून वाचा.

पायरी १ : आपलं काम किती?

समजा, एका ताईंचं तीन एकर रान आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. भाड्याचे दर नमुन्यादाखल धरले आहेत, तुम्ही आपल्या गावचे टाका.

- नांगरट एकदा : ३ एकर × २,००० = ६,००० रु.
- रोटाव्हेटर दोनदा : ३ × १,८०० × २ = १०,८०० रु.
- पेरणी दोनदा : ३ × १,००० × २ = ६,००० रु.
- शेणखत व मालाच्या खेपा : ८ × ७०० = ५,६०० रु.

म्हणजे वर्षाचं भाडं २८,४०० रुपये.

पायरी २ : घरचा ट्रॅक्टर असेल तर?

अवजारांसह जुना ट्रॅक्टर ३ लाखांना मिळाला असं धरू. १ लाख घरचे, २ लाख गटाचं कर्ज. व्याज महिना शेकडा १ रुपया, फेड ३ वर्षांत.

- पहिल्या वर्षाचे हप्ते (मुद्दल व व्याज) : सुमारे ८७,००० रु.
- घरच्या कामाचं डिझेल : सुमारे ११,००० रु.
- विमा : ८,००० रु.
- ऑइल, फिल्टर, बॅटरी, दुरुस्ती आणि टायरसाठी बाजूला ठेवायचे : २५,००० रु.

एकूण १,३१,००० रुपये. हप्ता सोडला तरी ४४,००० होतात, म्हणजे भाड्यापेक्षा जास्तच. ट्रॅक्टर पुढे विकता येतो हे खरं, पण हप्ता दर महिन्याला रोख द्यावा लागतो.

पायरी ३ : उरलेले पैसे कुठून येणार?

१,३१,००० मधून वाचलेलं भाडं वजा केलं तर १,०२,६०० रुपये कमी पडतात. ते बाहेरच्या कामातून यायला हवेत. डिझेल आणि ड्रायव्हर जाऊन तासाला ५०० रुपये उरत असतील, तर वर्षाला सुमारे २०५ तास काम मिळालं पाहिजे. दिवसाला ६ तास धरले तर ३४-३५ दिवस. हंगाम सगळ्यांचा एकदमच येतो. गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत? चालवणार कोण? उधारी वसूल कोण करणार? याची उत्तरं नावानिशी लिहा. ‘मिळेल काम’ हे उत्तर नाही.

पायरी ४ : बघायला जाताना

ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. आणि हे स्वतः बघा :

- मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. इंजिन थंड आहे का हाताने बघा. गरम इंजिन कोणाचंही पटकन चालू होतं.
- धूर बघा. निळा धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे मोठा खर्च.
- डिपस्टिक काढून ऑइल बघा. ताकासारखं पांढरट दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय.
- रोटाव्हेटर उचलून ट्रॅक्टर बंद करा, पंधरा मिनिटं थांबा. अवजार खाली बसत गेलं तर हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. तोवर उचललेल्या अवजाराखाली कोणी हात-पाय घालू नका.
- तासांचं मीटर कमी दाखवतं, पण क्लच-ब्रेकचे पॅडल गुळगुळीत झिजलेले आहेत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.
- मागच्या टायरला भेगा असतील तर त्यांची किंमत सौद्यातून कमी करा.

पायरी ५ : कागद

इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही बघा.

विम्याचं नीट ऐका. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरवर विटा-वाळू किंवा माणसं वाहिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. भाड्याची कामं करणार असाल तर पॉलिसी घेतानाच तसं सांगा आणि उत्तर लेखी घ्या.

पायरी ६ : कर्ज ताईंचं, आरसी कोणाची?

कर्ज गटातून ताईंच्या नावावर निघतं, सही ताईंची, हप्ता चुकला तर बैठकीत मान खाली ताईंची. आणि आरसी बुकावर नाव मात्र दुसऱ्याचं. उद्या घरात कोणी ट्रॅक्टर परस्पर विकला तर ताईंच्या हातात काय उरतं? म्हणून जिच्या नावावर कर्ज, तिच्याच नावावर ट्रॅक्टर, असा ठराव गटाने करावा. ट्रॅक्टर नावावर असायला तो चालवता यायलाच हवा असं नाही.

दुसरे रस्तेही आहेत

नवीन यंत्रासाठी कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा, आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची. जुन्या ट्रॅक्टरला हे अनुदान मिळत नाही. रान अर्जदाराच्या नावावर लागतं, तेव्हा सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का तेही याच निमित्ताने बघून घ्या.

दोन-तीन एकरांसाठी आणखी एक उपाय आहे. गटातल्या दहा जणींनी मिळून एकाच ट्रॅक्टरवाल्याशी हंगामाआधी दर आणि तारखा ठरवायच्या. तीस एकरांचं काम एकत्र दिसलं की तो आपल्याकडे आधी येतो. कर्ज नाही, आणि वाफसाही साधतो.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरचं वर्षाचं भाडं किती होतं? प्रत्येकीने लिहून आणा.
२. बाहेरचं काम देणारे पाच शेतकरी कोण? नावं सांगा.
३. दोन महिने ट्रॅक्टर बंद पडला तर हप्ता कशातून भरणार?
४. आरसी कोणाच्या नावावर होणार?

चारही उत्तरं पक्की असतील तर गटाने बिनधास्त कर्ज द्यावं. एखादं कच्चं असेल तर एक हंगाम थांबा. जुने ट्रॅक्टर पुढच्या हंगामातही विकायला असतात.