आधी तुमचं दोघांचं ठरू द्या

बीड

चि. बाळू आणि चि. सौ. सूनबाई यांस,


पाटोद्याच्या घरी पिल्लू आलं हे कळलं. गावठी आहे, दोन महिन्यांचं असेल, असं सूनबाई लिहिते. त्याला वळण कसं लावायचं हे तुम्ही दोघांनीही विचारलंय, पण वेगवेगळं. बाळूला जाणून घ्यायचंय की ते हाताला चावतं तेव्हा किती मारायचं. सूनबाईला हवंय की रात्री रडलं तर उचलून घ्यावं की नाही. एकाच घरातून असे दोन प्रश्न आले, यातच मला खरी अडचण दिसते. पिल्लाचं अजून काहीही चुकलेलं नाही. घरात एकाच गोष्टीचे दोन कायदे चालू आहेत आणि ते बिचारं दोन्ही शिकायला बघतंय. त्यामुळे या पत्रात पिल्लाबद्दल थोडं आणि तुमच्याबद्दल जास्त येईल. कुत्र्याला शिकवायचं म्हणजे निम्म्याहून अधिक काम घरातल्या माणसांनी आपसात ठरवण्याचं आणि ठरलेलं पाळण्याचं असतं, असं माझं मत आहे. ते नुसतं मत वाटू नये म्हणून कारणंही देते.

विसाव्या शतकात बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरं घेऊन बरेच प्रयोग केले. त्यातून निघालेली एक गोष्ट प्रत्येक कुत्रं पाळणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. एखादी खटपट केल्यावर जनावराला दर वेळी दाणा मिळत असेल आणि एक दिवस तो बंद झाला, तर ते लवकरच ती खटपट सोडून देतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, अशी सवय लागली असेल, तर दाणा कायमचा बंद झाल्यावरही ते कितीतरी काळ खटपट करतच राहतं. आता हे तुमच्या जेवणाच्या वेळेला लावून बघा. बाळू ताटातला तुकडा कधीच देत नाही. सूनबाई चार दिवस देत नाही, पाचव्या दिवशी डोळ्यांत बघून भाकरीचा कोर टाकते. तिला वाटतं, एवढ्याने काय होतंय? होतं ते असं की रोज देऊन जेवढं बिघडलं असतं, त्याहून घट्ट अशी मागायची सवय त्या एका तुकड्याने लागते. रात्रीच्या रडण्याचं तसंच आहे. आईपासून तुटलेलं पिल्लू पहिले काही दिवस रडणारच. टोपली तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवून त्याला सोबत द्या, तेही चालेल. ओसरीच्या आतल्या बाजूला त्याची जागा करा आणि दोघांनीही उठू नका, तेही चालेल. (मला पहिलं बरं वाटतं. एवढ्याशा जिवाला अंधारात एकटं ठेवून काही शिकवता येतं, हे मला पटत नाही.) पण नऊ वेळा न उठता दहाव्या वेळी उचलून घेतलंत, तर रडायचं ते दहा वेळा, हाच धडा त्याला मिळतो. मात्र झोपेतून उठून दाराकडे धावलं तर ते रडणं वेगळं. त्याला लघवीला जायचंय. गुपचूप बाहेर न्या, झाली की दोन शब्दांनी कौतुक करा आणि परत आणा. या वयात दोन-तीन तासांपलीकडे ते थांबू शकत नाही.

यावर बाळूचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय: आत्या, दोन माणसांचे स्वभाव दोन असणारच, एकाने लाड करावेत, एकाने धाक ठेवावा, पोरंही अशीच वाढतात. या आक्षेपात तथ्य आहे. कुत्र्याला माणसं नीट ओळखता येतात. या बाईकडे मागितलं तर मिळतं, या बुवाकडे मिळत नाही, एवढं ते सहज शिकतं. शेजारच्या आजीने उंबऱ्यावर दिलेल्या तुकड्याने तुमच्या घराचा नियम मोडत नाही, कारण ती आजी वेगळी, तो उंबरा वेगळा. पण तुम्ही दोघं एकाच वेळी, एकाच पंगतीला बसता. तिथे पिल्लाने कोणाचा कायदा मानायचा? शिवाय लाड आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूनबाईने मांडीवर घ्यावं, बाळूने अंगणात पळवावं, कोणी जास्त बोलावं, कोणी कमी. माया दोघांची सारखी असायला नको. सारखा हवा तो कृतीचा परिणाम. उडी मारली की दोघांनीही पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर टेकले की दोघांनीही जवळ घ्यायचं. तुमच्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. एकाने ऊस तोडायचा, दुसरीने मोळी बांधायची. दोघांच्या हातांचा वेग वेगळा असतो, पण मोळी किती जाडीची बांधायची यावर फडात रोज वाद घातला तर गाडी भरणार कधी? तुमच्याही घरात शब्द आणि खुणा तेवढ्या ठरलेल्या हव्यात. एकाने ‘खाली’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘उतर’, एकाने ‘यू यू’ करून बोलवायचं आणि दुसऱ्याने नाव घेऊन ओरडायचं, हे नको. नाव तर रागाने घेऊच नका. त्या हाकेला ते दहा-बारा वर्षं धावत यायला हवंय. ‘हाड’ हा शब्द तर घरातून काढूनच टाका. गल्लीत कोणीही कोणाही कुत्र्याला तो रोज म्हणतो, त्यातून त्याने काय समजायचं?

दुसरा आक्षेप शेजारीपाजारी घेतील: गावठी कुत्र्याला कोण शिकवतं, ती आपोआप शहाणी होतात. होतात खरी, पण ती कशी होतात ते कोणी बघत नाही. गल्लीतल्या कुत्र्याला सगळी गल्ली मिळून शिकवते आणि एकमताने शिकवते. ते चुलीपाशी गेलं की कोणत्याही घरातून हाकललं जातं, संध्याकाळी दाराबाहेर बसलं की कुठूनतरी भाकरी येते. जे या शाळेत टिकतं तेच आपल्याला दिसतं. न टिकलेली दिसत नाहीत. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१५ या काळात पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. त्यातली १९ टक्केच वयात येईपर्यंत जगली आणि जी मेली त्यातल्या ६३ टक्के मरणांना या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. ‘आपोआप’ची किंमत ही आहे. आणि एक फरक विसरू नका. गल्लीतल्या कुत्र्याला एक घर पटलं नाही तर ते दुसऱ्या दारात जातं. तुमच्या पिल्लाला तुम्ही दोघं सोडून दुसरं दार नाही. याच संशोधकांनी असंही पाहिलंय की रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांशी पुन्हा पुन्हा संबंध आला, तेव्हा ती खाण्यापेक्षा पाठीवरून हात फिरवण्याला जास्त भुलली. गावठी कुत्र्याला माणसाची किती गरज असते याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. म्हणजे बक्षीस म्हणून दर वेळी बिस्किटांचा पुडा फोडायलाही नको.

आता बाळूच्या माराबद्दल. मार दिल्याने कुत्रं थांबतं, हे खोटं नाही. पण ते कशामुळे थांबलं हे त्याला कळलं, असं धरून चालणं चूक आहे. शिक्षा किंवा बक्षीस कृतीच्या पाठोपाठ, एक-दोन सेकंदांत आलं तरच त्याची सांगड लागते. कामावरून संध्याकाळी येऊन दुपारच्या शूवर त्याचं नाक घासलंत, तर ‘हा माणूस घरी आला की भ्यायचं’ एवढंच ते शिकेल. मग ते कान पाडून अंग चोरतं आणि आपण म्हणतो, बघा, त्याला चूक कळलीय! ब्रिटनमध्ये २००४ साली कुत्रेमालकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बक्षिसाने शिकवलेली कुत्री जास्त ऐकतात आणि शिक्षेचा वापर जिथे जास्त तिथे वागणुकीच्या तक्रारीही जास्त, असं त्यात दिसलं. तक्रारी असतात म्हणून लोक मारतात, असंही कोणी म्हणेल. पाहणीतून कारण आणि परिणाम पुरते वेगळे काढता येत नाहीत, हे मान्य. तरी माराने काम भागतं असं मानायला त्यात आधार सापडत नाही. आणि हाताला चावतंय ते रागाने नव्हे. पिल्लू तोंडानेच खेळतं. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात तेव्हा तर हिरड्या शिवशिवतात. दात लागला की खेळ थांबवा, हात काढून घ्या, उठून जा. अर्ध्या मिनिटाने परत या आणि चघळायला जुन्या कापडाची गाठ द्या. हे दोघांनी केलं तर काही आठवड्यांत फरक पडेल. एकाने केलं आणि दुसऱ्याने हात पुढे करून कुस्ती खेळली तर पडणार नाही.

एका बाबतीत मात्र दोन शहाणी माणसंही दोन गोष्टी सांगतील आणि दोघं बरोबर असतील. डॉक्टर म्हणतील, लशी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर फिरवू नका, पार्व्होच्या रोगाने पिल्लं दोन-चार दिवसांत जातात. दुसरं कोणी म्हणेल, याच दिवसांत त्याला जग दाखवा. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांवर केलेलं काम १९६५ साली पुस्तकरूपाने आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू ज्यांच्याशी परिचय करून घेतं त्यांना ते आपलं मानतं, पुढे नव्याची भीती वाढत जाते, हे त्यातून पुढे आलं. या दोन्हींतून वाट निघते: कडेवर घेऊन दाखवा. ट्रॅक्टर, हलगी, मिक्सर, फेटा बांधलेला माणूस, शेळ्या, एसटी स्टँडचा गोंगाट, सगळं लांबून आणि थोडं थोडं. दिवाळीचे फटाके पहिल्यांदा दिवाळीतच ऐकायला लावू नका. आठव्या आठवड्याच्या आसपास पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या, तीन महिन्यांनंतर रेबीजची, वर्षाने पुन्हा. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. लसीचं कार्ड कोणाकडे राहणार, तेही आत्ताच ठरवा. रेबीजबद्दल एक भ्रम दूर करते: इतकुशा पिल्लाला कुठला रेबीज, असं म्हणू नका. होतो. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगाला उपाय उरत नाही.

त्याच्या ताटलीत भाकरी चालेल. शेतीच्या काळापासून आपल्यासोबत राहून कुत्र्याला पिष्ट पचवायची ताकद आलीय, हे २०१३ साली त्याच्या जनुकांच्या अभ्यासातूनही दिसलं. पण वाढत्या अंगाला नुसती भाकरी पुरत नाही. उकडलेलं अंडं, थोडं दही, जमलं तर मांसाचा तुकडा हवा. दुधाने बऱ्याच पिल्लांना हगवण लागते. कांदा-लसणाची आमटी, मनुका आणि चॉकलेट वर्ज्य; कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ‘आमचं उरलंसुरलं खातं’ हा हिशेब सोडा. रात्री ते घरातच असू द्या. शेजारच्या आष्टी तालुक्यात २०२० च्या नोव्हेंबरात बिबट्याने माणसं मारली, असा एखादा बिबट्या अंगणात बांधलेलं कुत्रं सोडेल का? माजलगाव तालुक्यातल्या लवूळला २०२१ साली वानरं पिल्लं उचलून उंचावर नेत होती. त्यातली दोन वनखात्याला पकडावी लागली. तेव्हा गच्चीवर एकटं ठेवणंही नको. आखूड साखळीला दिवसभर बांधून ठेवणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हाच आहे.

राहिलं कामाचं वाटप. आपल्याकडे पिल्लू घरात आणतो पुरुष, मुलंही त्याला ‘बाबांचा कुत्रा’ म्हणतात, आणि पहाटे फडकं घेऊन फरशी पुसते ती घरची बाई. हे मला न्यायाचं वाटत नाही, पण ते बाजूला ठेवलं तरी शिकवण्याच्या दृष्टीने ते वाईटच. जो खायला घालतो, बाहेर नेतो, त्याचं कुत्रं ऐकतं. बाळू, तू फक्त सुटीच्या दिवशी हुकूम सोडलेस तर ते तुझ्याकडे बघणारही नाही, आणि मग तू म्हणशील की सूनबाईने त्याला बिघडवलं. म्हणून सकाळचं फिरणं एकाचं, संध्याकाळचं दुसऱ्याचं, खाणं आलटून पालटून. तुम्ही दोघंही दिवसभर कामावर असाल तर दुपारी दार उघडायला शेजारची कोण येणार, ते तिला विचारून आणि आपले नियम सांगून ठरवा. नियम पाच-सहाच ठेवा, फळीवर कागद चिकटवा. मतभेद झाला तर पिल्लासमोर भांडत बसू नका. त्या वेळी दोघांपैकी ज्याने आधी सांगितलं त्याचं चालू द्या आणि ते झोपल्यावर कागद बदला. कागद बदलायला हरकत नाही. महिनाभरात तुम्हालाच दोन नियम निरुपयोगी वाटतील, ते खोडा.

दिवाळीला मी येणार आहे. त्या फळीवरचा कागद मलाही वाचायला लावा. मी पंगतीला बसून पोळीचा तुकडा खाली टाकू लागले, तर वयाचा मान ठेवून गप्प राहू नका. आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी सहाव्या महिन्याच्या आत बोलून ठेवा. ते मादी असेल तर हा विषय माझ्या येण्याआधीच संपलेला असू दे.

कळावे,
तुमची आत्या