हार्ड डिस्क जायच्या बेतात आहे? वालूरकरांसाठी खर्चाचा आणि कामाचा हिशेब

संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, फाइल उघडताना पडदा गोठतो, कॉपी मध्येच अडकते, फोल्डरची नावे विचित्र दिसतात. ही हार्ड डिस्क खराब होत असल्याची लक्षणे आहेत. दुकानात गेलात की पहिले वाक्य ऐकू येईल, ‘फॉरमॅट मारून देतो, नवं विंडोज टाकतो.’ तिथेच थांबवा. फॉरमॅटने बिघडलेली डिस्क बरी होत नाही, आतला डेटा मात्र जातो. क्रम असा ठेवा: आधी डेटा बाहेर, मग नवी डिस्क, विंडोज सगळ्यात शेवटी.

एक गैरसमज आधीच दूर करतो. ‘माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, सी गेला तरी चालेल,’ असे बरेच जण म्हणतात. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

दोष डिस्कचाच आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकट प्रोग्राम उघडा. निळा ‘गुड’ दिसला म्हणजे निदान डिस्कने स्वतः तक्रार नोंदवलेली नाही. पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ दिसला तर ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे पाहा. ते वाढत असतील तर डिस्क बदलायचीच. नुसते ‘सीआरसी एरर’ वाढत असतील तर आधी साटा केबल बदलून बघा. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलमुळे चांगल्या डिस्का भंगारात गेलेल्या आहेत. डेटा बाहेर निघेपर्यंत ‘चेक डिस्क’ चालवू नका आणि कुणाला चालवू देऊ नका, कारण आजारी डिस्कला त्या कामाचा ताण सोसत नाही.

टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतले हेड बिघडले असेल तर प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडे वाढतात. अशी डिस्क गावात किंवा तालुक्यात उघडायची नसते, धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेतच उघडावी लागते. त्यासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागेल. सेलूहून दोन्ही बाजूंच्या गाड्या आहेत, कुरियरनेही पाठवता येते. डिस्क स्पंजमध्ये गुंडाळा आणि अनुक्रमांकाचा फोटो जवळ ठेवा. खर्च साधारण दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत, कधी त्याहून जास्त. विचारायचे प्रश्न चार: तपासणी फी किती, सुटे भाग वेगळे लावणार का, डेटा ज्यावर देणार ती डिस्क कुणाची, आणि डेटा निघाला नाही तर किती द्यायचे. चारही उत्तरे लेखी घ्या. इतका खर्च झेपण्यासारखा डेटा आहे का, हे डिस्क पाठवण्याआधीच ठरवा.

आवाज नसेल आणि डिस्क दिसत असेल तर काम स्वस्तात होते. पाचशे जीबीची बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. कॉपी करताना महत्त्वाचे आधी: कागदपत्रे, हिशेब, लेकरांचे फोटो. सिनेमे आणि गाणी शेवटी, वेळ उरला तर. डेस्कटॉप आणि डाउनलोड हे दोन फोल्डर लोक हमखास विसरतात. दोन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात. निरोगी डिस्कवरून दोनशे जीबी तासा-दोन तासांत निघतो, आजारी डिस्कवर रात्र जाते. कॉपी एखाद्या फाइलवर अडकली तर ती फाइल सोडून पुढे जा. डिस्क फारच कुरकुरत असेल तर कारागिराला ‘डीडीरेस्क्यू’ने क्लोन काढायला सांगा. हा लिनक्सवरचा फुकट प्रोग्राम चांगला भाग आधी उचलतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो. त्याचे नाव ज्याने ऐकलेले नाही त्याच्याकडे अशी डिस्क देऊ नका.

सेवा केंद्र, डीटीपी किंवा दुकानाचा हिशेब चालवणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावे. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि शक्य असेल तर लायसन्स ‘सरेंडर’ करा, म्हणजे नव्या डिस्कवर ते सुरळीत चालू होते. मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी वापरत असाल तर फॉन्ट, इन्स्टॉलेशनची फाइल आणि लायसन्सचा तपशील बाजूला काढा. फॉन्ट गेले की वर्षानुवर्षांच्या पत्रिका आणि निमंत्रणे वाचता येत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीची किल्ली टोकनमध्ये असते, ती डिस्कबरोबर जात नाही. टोकनचा आणि बोटाच्या ठशांच्या यंत्राचा ड्रायव्हर मात्र पुन्हा टाकावा लागेल. पीकविम्याच्या किंवा प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका.

लॅपटॉपवर विंडोज 11 असेल तर आणखी एक गोष्ट. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि तिची 48 अंकी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. संगणक चालू आहे तोवर ती उतरवून घ्या. किल्ली नसेल तर डिस्क धडधाकट असूनही डेटा मिळत नाही.

आता नवी डिस्क. विंडोजसाठी फिरती चकती नसलेली एसएसडीच घ्या. जुना संगणकही तिच्यामुळे चपळ होतो. 240 ते 512 जीबीची साटा एसएसडी साधारण दोन ते पाच हजारांत येते. भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून सेलूत आणि परभणीत फोन करून दोन दर विचारा. किमतीत जीएसटी धरलेला आहे का, तेही त्याच फोनवर विचारा. आपल्या संगणकात साटा बसते की एनव्हीएमई, हे मॉडेल नंबर सांगून आधी खात्री करा. पक्के बिल घ्या आणि त्यावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी बहुतेक तीन ते पाच वर्षांची असते आणि अनुक्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येते. दुकानातच ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’त ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याजवळ असतो. हजारोंत असेल तर ती वापरलेली डिस्क आहे, परत करा.

विंडोजच्या नावाखाली सर्वांत जास्त फसवणूक होते. तुमच्या संगणकावर अस्सल विंडोज असेल तर डिस्क बदलल्यावर ते पुन्हा विकत घ्यावे लागत नाही, कारण डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असते. डिस्क काढण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ पाहा आणि फोटो काढा. मग ‘विंडोजचे वेगळे दोन हजार’ मागितले तर तो फोटो दाखवा. अस्सल होम आवृत्ती नव्याने घ्यायची तर दहा हजारांच्या घरात जाते. पाचशे रुपयांत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर ती चोरीची किल्ली किंवा क्रॅक समजा. बँकेचे व्यवहार आणि लोकांचे आधार हाताळणाऱ्या संगणकावर क्रॅक नको म्हणजे नकोच.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना सुरक्षा दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप, चार जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. यात न बसणाऱ्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाका. ते फुकट आहे, त्यात मराठी लिहिता येते, फक्त टॅली आणि श्रीलिपी चालवण्यासाठी ते घेऊ नका.

विंडोजची फाइल पाच-सहा जीबीची किंवा त्याहून मोठी असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती उतरत नाही. फायबर असलेल्या ओळखीच्या माणसाकडून मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने आठ जीबीचा पेनड्राइव्ह बनवून घ्या. विंडोज टाकायला पाऊण तास लागतो, अपडेट, प्रिंटर आणि ड्रायव्हर धरून अर्धा दिवस. मजुरी साधारण तीनशे ते सातशे. डेटा कॉपीचे वेगळे तीनशे-पाचशे मागितले तर ते वाजवी आहे. मराठी कीबोर्डचे मागितले तर देऊ नका, तो विंडोजमध्ये असतोच. अँटिव्हायरस न विचारता बिलात येतो. विंडोजचे स्वतःचे संरक्षण फुकट असते, नको असेल तर सरळ नाही म्हणा.

एकूण हिशेब: डिस्क, मजुरी आणि कॉपी धरून तीन ते सहा हजार. संगणक सोडताना जॉबशीट घ्या, त्यावर ‘डेटा पुसू नये’ असे लिहून घ्या. जुनी डिस्क दुकानात ठेवू नका, ‘शंभर रुपये कमी करतो’ म्हटले तरी नाही. त्यात तुमचे आधार, सातबारा, बँकेची पासबुके असतात. वॉरंटीत बदलून घेणार असाल तर कंपनी जुनी डिस्क ठेवून घेते आणि आतल्या डेटाची भरपाई देत नाही, म्हणून आधी डेटा काढा.

दुकानदाराने वापरलेली डिस्क नवी म्हणून दिली किंवा सांगितल्याविना डेटा पुसला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतून तक्रार करा. तिथे भागले नाही तर परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. बिल आणि जॉबशीट मात्र लागेलच.