फोडी कुणाच्या ताटात?

सोनू,

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "अजून काही नाही गं ताई, मग डॉक्टरांकडं कशाला जाऊ?" मी हसले आणि विषय बदलला. शेजारी आई बसली होती, आणि आईच्या देखत हे बोलायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी अख्ख्या मंगळवार पेठेत बातमी. पण तुझं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. अगं, अजून काही नाही, हीच तर जायची वेळ.

आधी माझंच सांगते. धाकटीच्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी होते ४६ किलोची. तू कॉलेजात होतीस, तुला यातलं कुणी काही सांगितलं नाही. सातव्या महिन्यात साखर तपासायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "व्हय ग, एवढीशी तर हाय, हिला कसली साखर?" मलाही ते पटलं. साखर म्हणजे पोट सुटलेल्या, गादीवर बसून हिशेब करणाऱ्या माणसांचा आजार, अशीच आपली समजूत. एका दवाखान्यात तर मला बघूनच सांगितलं, तुम्हाला तपासायची घाई नको. आठवडाभराने मी स्वतःच हट्ट धरून ग्लुकोजचं पाणी प्याले. त्या ७५ ग्रॅमच्या गोड पाण्यानं मळमळलं, दोन तास बाकावर बसून राहिले, आणि रिपोर्टमध्ये आकडा आला १४० च्या बराच वर. गरोदरपणातली साखर. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, कारण मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं.

नंतर कधीतरी एक फोटो बघितला. डॉक्टर मंडळींत तो भलताच प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघे शेजारी शेजारी उभे. उंची आणि वजन यांचं जे गणित मांडतात, ते दोघांचं तंतोतंत एक, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दुपटीहून जास्त! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा फोटो छापून आला. मला त्या फोटोनं जेवढं सांगितलं तेवढं दहा भाषणांनी सांगितलं नसतं. वरून बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असेलच असं नाही. मीही त्यातलीच.

आता तू म्हणशील, हे कुठून येतं? इथंच ती गोष्ट सुरू होते, जी तुला सांगायला हा सगळा पसारा मांडलाय.

१९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडातल्या साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि डॉ. कॅरोलिन फॉल त्यात जोडीला होते. बार्कर यांचं म्हणणं असं, की मोठेपणीच्या मधुमेहाची, हृदयविकाराची बीजं आईच्या पोटातच पडतात. या मंडळींनी गरोदर बायकांपासून सुरुवात केली नाही. लग्न झालेल्या, दिवस न राहिलेल्या बायकांची आधी नोंद केली, आणि मग त्यांना दिवस गेले की आहार, काम, वजन, रक्त, सगळं बघत गेले. म्हणजे तुझ्यासारख्या, "अजून काही नाही"वाल्या बायका! त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. फरक दिसायला सरळ आहे, पण खरी गंमत पुढं आहे. बाळाच्या अंगाचं कातडं चिमटीत धरून चरबी मोजतात ना, ती पाठीवर खांद्याच्या हाडाखाली मोजली तर आपली चिमुकली बाळं त्या धष्टपुष्ट इंग्रज बाळांपेक्षा फार मागं नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र जपून ठेवलेली. दुष्काळातल्या माणसानं घरातलं सगळं विकावं आणि सोन्याचा एक मणी तेवढा पदराच्या गाठीला राखावा, तसं. २००३ साली त्यांनी हे मांडलं तेव्हा या बाळाला नाव पडलं, बारीक पण चरबीचं बाळ.

मी हे वाचलं तेव्हा न्हाणीघरातलं रडणं आठवलं. माझी साखर माझ्या पेढ्यांमुळं नव्हती गं नुसती. मी आईच्या पोटात होते तेव्हा आई काय खात होती, कधी खात होती, तेही त्यात आलं.

आणि आई काय खात होती हे आपल्या दोघींना चांगलं ठाऊक आहे. रविवारचं मटण आठव. अख्खं कोल्हापूर तांबड्या-पांढऱ्याचा एवढा डंका पिटतं. सकाळपासून आई पाट्यावर मसाला वाटायची, खोबरं भाजायची, पांढऱ्या रश्शाला नारळाचं दूध काढायची. आधी आजोबांची पंगत, मग बाबा आणि काका, मग दादा तालमीतून यायचा म्हणून त्याच्यासाठी चार फोडी वाटीखाली झाकून. मग आपण. आई सगळ्यांत शेवटी, पातेल्यात उरलेला रस्सा भाकरी चुरून ओरपायची आणि म्हणायची, "मला रस्साच आवडतो." मी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मला खरंच वाटायचं, आईला फोडी आवडत नाहीत.

पुण्याच्या त्या अभ्यासात ७९७ आयांच्या आहाराचा हिशेब लावला तेव्हा एक गोष्ट निघाली. नुसतं पोटभर खाल्लं, भाकरी-भात जास्त गेला, म्हणून बाळ वाढलं असं काही दिसलं नाही. पण ज्या दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं अंगानं मोठी होती. ज्यांच्या वाट्याला शेतातलं कष्टाचं काम, पाणी वाहणं जास्त, त्यांची बाळं लहान. डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सोबत्यांनी हे २००१ आणि २००३ मध्ये लिहिलं. मेथीची जुडी कोण शास्त्रज्ञ महाग म्हणेल? पण ती निवडायला बाईला वेळ मिळाला पाहिजे आणि भाजी तिच्यापर्यंत उरली पाहिजे.

तुझं मात्र वेगळंच. तुझ्या सासरी सगळे माळकरी. चांगली माणसं आहेत, मला फार आवडतात. पण घरात अंडंसुद्धा येत नाही. तेव्हा आता बी-बारा या जीवनसत्त्वाचं नीट ऐक. ते वनस्पतीत नसतं. मटण, कलेजी, मासे, अंडी, आणि शाकाहाऱ्यांसाठी दूध-दही, बास. दिवसाला लागतं किती? दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका कणापेक्षाही कमी! आणि तेवढंही आपल्याला मिळत नाही. पुण्यात याज्ञिकांनी ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं तर ६७ टक्क्यांत बी-बारा कमी. सगळ्यांत वाईट अवस्था खेडुतांची नव्हती, शहरातल्या मध्यमवर्गाची होती, जो स्वतःला खाऊनपिऊन सुखी समजतो. त्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांतही निम्म्याहून कितीतरी जास्त जणींत ते कमी निघालं.

मग त्याच आयांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २००८ सालची ही गोष्ट. ज्या आयांच्या रक्तात फॉलिक अॅसिड भरपूर आणि बी-बारा कमी, त्यांच्या मुलांत इन्सुलिन नीट लागू न पडण्याची खूण सगळ्यांत ठळक होती. म्हणजे पुढच्या साखरेची पायवाट. औताला दोन बैल लागतात ना, तसं आहे हे. एक बैल दांडगा आणि दुसरा उपाशी, तर तास वाकडंच जाणार.

आता घाबरून फॉलिक अॅसिडची गोळी कचऱ्यात टाकू नकोस हं! तू तशी टोकाची आहेस म्हणून सांगते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. पाळी चुकली, मग चार दिवस वाट बघितली, मग ती पट्टी आणून तपासली, तोवर ते काम उरकत आलेलं असतं. ती नळी नीट मिटावी म्हणून फॉलिक अॅसिड लागतं, आणि ते आधीपासून अंगात असावं लागतं. १९९१ साली ब्रिटिशांच्या पुढाकारानं झालेल्या मोठ्या चाचणीनं हे पक्कं केलं. तेव्हा गोळी घ्यायची, पण बी-बारा तपासून. नुसतं फॉलिक घेत राहिलं आणि बी-बारा कमीच राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. हातापायाला मुंग्या येतात, तोंड येतं, सारखा थकवा, विसरभोळेपणा. माझ्या हाताला मुंग्या यायच्या तेव्हा मी म्हणायचे, कणीक मळून मळून होत असेल. वर्षभर म्हणत राहिले.

मुंबईचं एक सांगते, कारण तू मला नेहमी म्हणतेस, ताई, तू एकाच बाजूचं सांगतेस. २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सोबत्यांनी साडेसहा हजार बायकांना घेऊन एक चाचणी केली. अर्ध्या जणींना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला ताजा खाऊ, समोशासारखा काहीतरी. बाकीच्यांना तसाच, पण कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. सगळ्यांना वाटलं होतं, बाळांची वजनं वाढतील. एकूण हिशेबात तशी वाढली नाहीत. ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता, त्यांच्यातच थोडा फरक दिसला, तोही ४८ ग्रॅमचा. पण न मागितलेलं दान पदरात पडलं. गरोदरपणातली साखर कांदा-बटाटावाल्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के. मला यातलं 'तीन महिने आधी' हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपण डोहाळजेवणाला पाच पक्वान्नं करतो, फुलांची वाडी भरतो, झोपाळा सजवतो, सातव्या महिन्यात! पाया भरायच्या दिवसांत पोरगी चहा-बटरवर ऑफिस गाठत असते.

ती सहा खेड्यांतली मुलं आता स्वतः आईबाप व्हायच्या वयाची झाली. २०१२ पासून त्यांच्यातल्याच पोरापोरींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-बारा देऊन बघितलं, लग्नाच्याही आधीपासून. बी-बारा घेतलेल्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाल्यावर त्यांची समज आणि बोलणं तपासलं तर ती पुढं होती. बाळं मोजकीच होती, तेव्हा लगेच गुढी उभारायला नको. पण दोन मायक्रोग्रॅम म्हणजे खर्च तो काय?

उपासांवरून तुझं-माझं भांडण होणार, हे मला माहीत आहे. अंबाबाई माझीही आहे. पण तू सोमवार, गुरुवार, एकादशी आणि वर नवरात्राचे नऊ दिवस शाबूच्या खिचडीवर काढतेस. शाबू म्हणजे निव्वळ पिष्ट. मी काही तुझी श्रद्धा सोडायला सांगत नाही, ताट बदलायला सांगते. उपासाला दूध, ताक, दही, राजगिरा, शेंगदाणे, फळ चालतंच ना? मग ते खा. सासूबाईंना मी सांगते, त्यांना माझं पटतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी समोर पिळून घेतलेलं दूध पैलवान पेल्यानं पितात, आणि घरातल्या सुनेला चहात घालायला दोन चमचे! तुझ्याकडं दूध घरचं आहे, तेव्हा सबबही नाही.

नवऱ्यालाही घेऊन जा तपासायला. नुसती बाईच तपासायची ही रीत मला मुळीच पटत नाही. एकाच घरात जेवणाऱ्यांची कमतरताही सारखी असू शकते.

डॉक्टरकडं जाशील तेव्हा एवढं सांग, की बाळाचा विचार आहे, दिवस राहिलेले नाहीत. हिमोग्लोबिन, बी-बारा, साखर आणि थायरॉईड बघायला सांग. गोळ्या त्यांनी दिलेल्याच घे, माझ्या कपाटातल्या नाही. इंजेक्शन लागतं की गोळीवर भागतं, तेही त्यांनाच ठरवू दे.

माझी साखर बाळंतपणानंतर उतरली. पण एकदा आलेली पाहुणी पुन्हा येऊ शकते, म्हणून मी दर वर्षी तपासते. धाकटी २ किलो ४०० ग्रॅमची झाली होती. आता नऊ वर्षांची आहे, चिमणीएवढं खाते आणि दिवसभर उड्या मारते. तिच्या ताटात मी हल्ली पालेभाजी आधी वाढते.

येत्या रविवारी ये. कपिलतीर्थ मंडईतून मेथी आणि चाकवत आणून ठेवते. तुझ्या घरच्यांना चालत नसलं तरी माहेरी तुला चालतं, हे मला ठाऊक आहे. कुणाला सांगणार नाही. मटण मी करते. दादाला आधीच सांगितलंय की या वेळी पहिली पंगत आईची आणि तुझी. रिपोर्ट घेऊनच ये.

तुझी,
ताई