सिरिंजवरचा जोडीचा क्रमांक

प्रश्न : माझे आजोबा तालुक्याच्या गावी कंपाउंडर होते. त्यांच्या ट्रंकेत काचेच्या दोन सिरिंज सापडल्या. प्रत्येकीच्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच क्रमांक आहे. दोन सिरिंजचे क्रमांक मात्र वेगवेगळे. हे क्रमांक कशासाठी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हे जोडीचे क्रमांक आहेत. हा दट्ट्या याच नळीचा, एवढेच ते सांगतात. पण ते घालण्याची वेळ का आली, हे समजायला सिरिंजच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

1853 मध्ये फ्रान्सच्या लिआँ शहरातले डॉक्टर शार्ल प्राव्हाझ यांनी चांदीची छोटी सिरिंज वापरली. तिचा दट्ट्या दाबायचा नसे, स्क्रूसारखा फिरवायचा असे. किती फेरे दिले यावरून औषधाची मात्रा ठरे. नळी चांदीची, त्यामुळे आतले औषध मात्र दिसत नसे. त्याच सुमारास एडिंबरोचे डॉक्टर अलेक्झांडर वुड काचेच्या सिरिंजने मॉर्फिन टोचून मज्जातंतूंच्या वेदना शमवू लागले. पुढे काचेवर मापाच्या रेषा आल्या आणि औषध डोळ्यांसमोर मोजता येऊ लागले.

खरी अडचण होती दट्ट्याची. तो नळीत घट्ट बसावा म्हणून त्याला चामडे लावत किंवा सूत गुंडाळत. चामडे वाळले की आकसे आणि औषध मागून गळे. एवढ्यावर कसेबसे भागत होते. पण रोग जंतूंमुळे पसरतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटले, सिरिंज उकळून घेणे भाग पडले, आणि उकळत्या पाण्यात चामड्याचा टिकाव लागेना. जे गळत नव्हते ते उकळता येत नव्हते, असा हा पेच होता. रॉबर्ट कॉख यांनी तर दट्ट्याच काढून टाकला आणि त्याजागी रबरी फुगा लावला.

पॅरिसमध्ये यावर तोडगा निघाला. तिथल्या लुअर यांच्या पेढीने 1894 मध्ये संपूर्ण काचेच्या सिरिंजचे पेटंट घेतले. चामडे नाही, सूत नाही. काचेचा दट्ट्या काचेच्या नळीत घासून घासून असा बसवायचा की मधली फट जवळजवळ उरू नये. आता सगळी सिरिंज सुटी करून उकळता येई. मात्र प्रत्येक दट्ट्या आपल्याच नळीच्या मापाने घासलेला असल्यामुळे दुसऱ्या नळीत तो अडके, नाहीतर सैल पडून औषध गळू देई. म्हणून दोन्हींवर एकच क्रमांक. कुठलाही दट्ट्या कुठल्याही नळीत चालेल अशा काचेच्या सिरिंज नंतर निघाल्या. तुमच्याकडच्या त्यातल्या नाहीत.

आजच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजला या क्रमांकाची गरज नाही. तिच्या दट्ट्याच्या टोकाला रबर असते. ते दबून नळीला चिकटून राहते, त्यामुळे घासून माप जुळवावे लागत नाही. शिवाय ती कारखान्यातच निर्जंतुक होऊन येते आणि एकदाच वापरायची असते. सुई बसते त्या निमुळत्या तोंडाला मात्र आजही लुअर यांचेच नाव आहे.

त्या दोन सिरिंजचे दट्ट्ये आपसांत बदलून पाहू नका, अडकला तर काच फुटेल. सुटे भाग एकाच भांड्यात उकळले, तर ते पुन्हा जोडताना आधी आकडे जुळवावे लागत. आजोबांनी ते दर वेळी जुळवले, म्हणून दोन्ही जोड्या आज शाबूत आहेत.